चार मिल

गेल्या दिवाळीत, धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, मी आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन बसलो होतो. आकाशकंदील टांगून झाला होता. पणत्यांत तेल घालण्याचे काम नातीने माझ्या हातून काढून घेतले होते. स्वयंपाकघरातून चकल्यांचा वास येत होता, पण चकल्या येत नव्हत्या. अशा वेळी रिकामा माणूस तत्त्वचिंतनाकडे वळतो. परंतु माझे चिंतन सुरू होण्यापूर्वीच माझा पुतण्या संजू गळ्यात दुर्बीण अडकवून शेजारी येऊन उभा राहिला.

संजू म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. बेळगावला मराठा रेजिमेंटमध्ये भरती झाला, चोवीस वर्षे नोकरी करून २०२२ साली हवालदार म्हणून निवृत्त झाला, आणि आता तालुक्याच्या गावी पोरांना रायफल नेमबाजी शिकवतो. दिवाळीला तो सहकुटुंब आमच्याकडे येतो. फराळाचे डबे, फटाक्यांची पिशवी आणि हे असले एखादे यंत्र, एवढे त्याच्या सामानात ठरलेले.

"काका, तो समोरचा आकाशकंदील बघा," तो म्हणाला. रस्त्याच्या पार टोकाला एका इमारतीच्या गच्चीवर एक तांबडी चांदणी लुकलुकत होती. "किती लांब असेल, सांगा पाहू?"

मी म्हणालो, "मी गणिताचा मास्तर आहे, ज्योतिषी नाही."

"मग गणितानंच सांगा," असे म्हणून त्याने दुर्बीण माझ्या हातात दिली. डोळ्यांना लावली तर आत बारीक रेघांची एक पट्टी दिसली. आईच्या शिवणाच्या टेपसारखी, पण हवेत तरंगणारी. त्या पट्टीवर कंदील बरोबर तीन घरे व्यापून बसला होता.

"तीन मिल," संजू म्हणाला.

ह्या शब्दाने मी थोडा दचकलो. आमच्या घरात 'मिल' ह्या शब्दाला एकच अर्थ होता, आणि तो संजूच्या वडिलांशी जोडलेला होता. त्याविषयी पुढे येईलच. संजूचे मिल वेगळे. मिलिरेडियनचे ते शिपायांच्या तोंडचे रूप. रेडियन तर मी आयुष्यभर शिकवला. वर्तुळाच्या त्रिज्येएवढी दोरी घ्यावी आणि ती परिघावर वाकवून ठेवावी. तिची दोन टोके केंद्राशी जो कोन करतात तो एक रेडियन, अंशांत सुमारे ५७.३. हे नाव १८७३ साली बेलफास्टच्या जेम्स थॉमसन ह्या प्राध्यापकाने छापले, आणि तेही परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत. प्रश्नपत्रिकेतून जगाला काही चांगलेही मिळू शकते, असे मी विद्यार्थ्यांना हटकून सांगत असे. ह्या रेडियनचा हजारावा भाग म्हणजे मिल. हजार मीटरवर उभी असलेली एक मीटर उंचीची वस्तू डोळ्याशी एक मिलचा कोन करते. शंभर मीटरवर दहा सेंटिमीटरची वस्तूही तेवढाच.

हे सारे मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिले होते. पण माझ्याच देहात ही पट्टी आहे, हे मला संजूने त्या संध्याकाळी दाखविले. हात सरळ लांब धरला तर एका बोटाची जाडी सुमारे तीस मिल भरते, ताणलेली वीत सुमारे तीनशे. पौर्णिमेचा चंद्र जेमतेम नऊ मिल. उगवताना परातीएवढा वाटणारा तो चंद्र एका करंगळीच्या आड सहज लपतो. आणि सूर्य? तोही जवळजवळ तेवढाच. चंद्रापेक्षा चारशे पट मोठा आणि सुमारे चारशे पट दूर, म्हणून आपल्या डोळ्यांना दोघे सारख्याच अंगलटीचे भाऊ वाटतात.

"आता हिशेब सोपा," संजू म्हणाला. "वस्तूचा आकार मीटरमध्ये घ्यायचा, हजारानं गुणायचं, मिलनं भागायचं. आलं अंतर. कंदील केवढा धरता?"

आमचा कंदील दीड फुटाचा. मी तोच मनात धरून म्हणालो, "पंचेचाळीस सेंटिमीटर." चारशेपन्नास भागिले तीन. दीडशे मीटर! मास्तरकीचा जुना आनंद मला झाला. उत्तर पूर्णांकात आले की ते बरोबर असणारच, अशी आम्हा गणितवाल्यांची एक भाबडी श्रद्धा असते.

संजू हसला. "चला, जाऊन बघू."

आम्ही दोघे खाली उतरलो. नातही बरोबर आली. कंदिलाच्या दिशेने तो पावले मोजीत चालला, आणि शंभर मीटर झाल्यावर थांबून पुन्हा दुर्बीण माझ्या हाती दिली. माझ्या हिशेबाने आता कंदील पन्नास मीटरांवर असायला हवा होता, आणि पट्टीवर त्याने नऊ घरे व्यापायला हवी होती. पाहतो तो फक्त साडेचार!

"आता दोन समीकरणं झाली, काका. सोडवा."

रस्त्यात उभ्याउभ्या मी सोडविली. कंदील तीनशे मीटरांवर होता, आणि पंचेचाळीस नव्हे, नव्वद सेंटिमीटरांचा होता. नात तेवढ्यात पुढे पळत जाऊन आली आणि धापा टाकीत म्हणाली, "आजोबा, तो केवढा मोठ्ठा आहे! माझ्या गळ्यापर्यंत येईल!" माझे मोजणे चुकले नव्हते, भागाकारही चुकला नव्हता, चुकले होते ते गृहीत. मी दुसऱ्याचा कंदील आमच्या कंदिलाएवढा धरला होता.

घरी परतताना संजूने मला ह्या चुकीची किंमत सांगितली. आमची चूक दीडशे मीटरांची झाली आणि तिच्यापायी आम्हाला एक फेरी पडली, एवढेच. रायफलवाल्याचे तसे नसते. गोळी सरळ रेषेत जाते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती नळीतून सुटल्या क्षणापासून खाली पडू लागते आणि अंतर वाढेल तसतशी अधिकाधिक वेगाने पडते. तीन मिल दिसणारा माणूस दीड मीटर उंचीचा धरला तर तो पाचशे मीटरांवर ठरतो, आणि एक मीटर ऐंशीचा धरला तर सहाशेवर. पाचशे समजून साधलेली गोळी सहाशेवर पोचेपर्यंत अर्ध्या मीटरहून अधिक खाली उतरलेली असते. एक फुटाच्या गैरसमजाने सारे शिक्षण वाया जाते. हल्ली लेसरच्या किरणाने क्षणात अंतर सांगणारी यंत्रे आली आहेत. पण बॅटरी संपते, यंत्र रुसते, म्हणून रेघांची ही विद्या अजून शिकवतात.

मला त्या रात्री आर्यभटाची आठवण झाली. इसवी सन ४९९ मध्ये त्याने लिहिले की वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ असतो. हे आकडे नीट पाहा. पुऱ्या वर्तुळात मिल भरतात ते ६२८३ आणि वर किंचित. दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने दिलेल्या आकड्यातच संजूच्या दुर्बिणीतली पट्टी लपली आहे. पण मला त्या आकड्याहून त्याच्या शेजारचा शब्द अधिक मोलाचा वाटतो. आर्यभटाने तो परीघ 'आसन्न' म्हटला. आसन्न, म्हणजे जवळपास. अगदी तंतोतंत नव्हे. आजच्या सैन्यांनी तर सोयीसाठी वर्तुळाचे वेगवेगळे तुकडे पाडले. नाटोचे ६४००, रशियाचे ६०००, स्वीडनने बराच काळ ६३००. वर्तुळ तेच, ज्याने त्याने आपल्या सोयीने वाटून घेतले. मोजमाप म्हणजे निर्विकार सत्य, असे आपण मानतो. पण प्रत्येक मोजमापाच्या पोटात कोणीतरी काहीतरी धरून चाललेले असते. जो ते उघड सांगतो तो आर्यभट; जो सांगत नाही, किंवा ज्याला ते ठाऊकच नसते, तो दीडशे मीटरांवर कंदील टांगणारा माझ्यासारखा मास्तर.

फराळाच्या वेळी मी संजूला माझ्या मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. विचारू की नको, असे वाटत होते. सणासुदीचा दिवस, आणि प्रश्न तर असा.

"संजू, कंदिलाचं ठीक आहे. पण तुमच्या धंद्यात त्या सूत्रात कंदिलाच्या जागी माणूस येतो. कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप. त्याला 'एक मीटर ऐंशी' म्हणून मांडायचं. म्हणजे ज्याच्यावर गोळी झाडायची, त्याचीच मोजपट्टी करायची. हे तुला कधी खटकलं नाही?"

तो बराच वेळ काही बोलला नाही. हातातली चकली त्याने ताटलीत ठेवली.

"खटकतं, काका. न खटकून कसं चालेल? पण अंदाजानं झाडलेली गोळी अधिक वाईट. चुकलेली गोळीसुद्धा कुठंतरी लागतेच. ती कुठं लागली ते आपल्याला कळत नाही, एवढाच फरक."

मी म्हणालो, "आणि समोर माणूस नसून मूल असलं तर? नव्वद सेंटिमीटरांचं मूल तीनशे मीटरांवर तीनच मिल दिसणार. एक मीटर ऐंशीचा जवान सहाशेवर तीनच मिल. पट्टीला काय कळतं?"

"पट्टीला नाहीच कळत," संजू म्हणाला. "म्हणून आमचे उस्ताद एकच गोष्ट घोकून घ्यायचे. आधी ओळखायचं, मग मोजायचं. जे ओळखलं नाही ते मोजायचं नाही, आणि जे मोजलं नाही त्याच्यावर बोट ठेवायचं नाही."

'बोट' म्हणजे रायफलच्या चापावरचे. पण मला ते वाक्य ऐकताना दुसरेच बोट आठवले. आपण एकमेकांवर ठेवतो ते.

दुसऱ्याच्या दुःखाचा आकार आणि आपल्यापासूनचे त्याचे अंतर, हा प्रश्न नवा नाही. अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अ‍ॅडम स्मिथने १७५९ साली नीतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, उद्या आपली करंगळी कापली जाणार आहे असे कळले तर युरोपातल्या कोणाही सज्जनाला आज रात्री झोप येणार नाही. पण भूकंपाने सारा चीन देश गडप झाला, तरी ती माणसे कधी दृष्टीस पडली नसतील तर तो गाढ घोरेल. त्याच प्रकरणात तो स्वतःच्या खिडकीचा दाखला देतो. बाहेरचे प्रचंड डोंगर, राने आणि शेते त्या इवल्या चौकटीत मावतात. खरे माप कळायचे असेल तर मनाने दुसऱ्या जागी जाऊन, दोन्ही वस्तू सारख्या अंतरावर येतील असे उभे राहून पाहावे लागते, असा त्याचा सांगावा. जवळची करंगळी दूरच्या डोंगराला झाकते, हे त्याने अचूक ओळखले.

स्मिथचे म्हणणे मला पटते. पण तो चीनची गोष्ट सांगतो. दूरच्या माणसाविषयी आपण निष्ठुर असतो हे खरेच. परंतु निदान तो दूर आहे हे आपल्याला ठाऊक असते. पुराची बातमी वाचून चहा पिणारा माणूस असे म्हणत नाही की ते लोकच क्षुद्र आहेत. तो फक्त म्हणतो की ते लांब आहेत. खरा घोळ होतो तो जवळच्या माणसांच्या बाबतीत. आणि तो कसा होतो हे मला संजूच्या सूत्राने, फार उशिरा, शिकविले.

डोळा आपल्याला आकार सांगत नाही आणि अंतरही सांगत नाही. तो फक्त दोहोंचे गुणोत्तर सांगतो. समीकरण एक, अज्ञाते दोन. सातवीतला मुलगाही सांगेल की असे उदाहरण सुटत नाही. मग आपण काय करतो? एक अज्ञात गृहीत धरून टाकतो. शिपाई आकार गृहीत धरतो आणि अंतर काढतो. संसारातला माणूस बरोबर उलटे करतो. तो अंतर गृहीत धरतो आणि आकार काढतो. हा माझा सख्खा भाऊ, एका आईच्या पोटचा, एका ताटात जेवलेला; तो माझ्यापासून किती दूर असणार? अंतर शून्य धरून आपण मोकळे होतो. आणि मग तो लहान दिसू लागला की त्याचा सारा दोष त्याच्या उंचीच्या खात्यावर पडतो. तो लांब गेला असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

आता दादाविषयी सांगायला हवे.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. आमचे गाव सातारा जिल्ह्यात. जमीन थोडी, खाणारी तोंडे सहा. १९६६ साली, अठराव्या वर्षी, तो मुंबईला एका कापडगिरणीत लागला. तेव्हापासून दर महिन्याला पोस्टमन आमच्या दारात येई आणि वडील अंगठा उठवून दादाची मनीऑर्डर घेत. त्या पैशांत घर चालले, विहिरीचे कर्ज फिटले, आणि मी बी.एस्सी. झालो. आमच्या घरात 'मिल' म्हणजे ही. मला लहानपणी दादा फार उंच वाटे. गणपतीला तो गावी आला की फाट्यावरून येताना त्याची ट्रंक आधी दिसे की तो आधी दिसे, यावर आम्हा भावंडांची पैज लागे.

१९८२ साली जानेवारीच्या १८ तारखेला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असे कधी झालेच नाही. तो नुसता विरत गेला, आणि त्याच्याबरोबर हजारो संसार विरले. दादाची मनीऑर्डर थांबली. पहिले काही महिने आम्ही समजून घेतले. मी तोवर मास्तर झालो होतो, पगार मिळत होता. पण १९८३ च्या मे महिन्यात धाकट्या बहिणीचे लग्न ठरले. वडील थकले होते. सारा भार माझ्यावर पडला. दादाची पत्रे येईनाशी झाली होती. शेजारचे लोक विचारीत, "थोरला काय करतो?" त्या प्रश्नाची मला लाज वाटे, आणि आपल्याला लाज आणणाऱ्या माणसाला आपण फार चटकन लहान करतो.

मी त्याला एक कार्ड लिहिले. 'ती. दादास सा. न. वि. वि.' असा रीतीचा मायना घातला, लग्नाची तारीख कळविली, आणि शेवटी एक ओळ लिहिली : 'येणार असलास तर हात हलवीत येऊ नकोस.'

दादा आला नाही. लग्नाच्या दिवशी थोरल्या भावाच्या मानाचे सारे विधी मी केले. प्रत्येक वेळी भटजी म्हणत, "थोरले कुठे आहेत?" आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात दादाची उंची एक इंच कमी होई. त्यानंतर भेटी झाल्या. आईच्या दिवसांना, कोणाच्या बारशाला. तो कुठेतरी रखवालदारी करू लागला होता. आम्ही हवापाण्याचे बोललो. माझ्या हिशेबाचे उत्तर पूर्णांकात आलेले होते. ते मी पुन्हा तपासले नाही.

२००९ साली दादा गेला. तेराव्या दिवशी, पाहुणे पांगल्यावर, वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. कोणालाही दोष न देता, एखादी विसरलेली वस्तू आठवावी तशा त्या म्हणाल्या, "भावजी, ताईंच्या लग्नाला ते आलं हुतं."

मला वाटले, त्यांची आठवण चुकते आहे.

"फाट्यापातूर आलं हुतं. शेजाऱ्याकडनं यष्टीचं भाडं घेतलं. फाट्यावरच्या चिंचेखाली बसलं. तिथनं मांडव दिसत हुता म्हनं, वाजंत्री ऐकू येत हुती. तुमचं कार्ड खिशात हुतं. मग सांजच्या गाडीनं माघारी आलं. घरी येऊन म्हनलं, लगीन झ्याक झालं. धाकट्यानं सगळं नीट केलं."

मी त्या वेळी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुधा काहीच बोललो नसेन. नंतरची वर्षे मी ते वाक्य मनाच्या अडगळीत ठेवून दिले. मी स्वतःला सांगत असे की माझेही वय तेव्हा लहान होते, भार मोठा होता, आणि कार्डातली ती एक ओळ रागाच्या भरात लिहिली गेली होती. हे सारे खरेही होते. खऱ्या गोष्टींची आड घेऊन लपणे सर्वांत सोपे.

गेल्या दिवाळीच्या त्या रात्री, ताटे उचलल्यावर, संजू सहज बोलून गेला.

"काका, आमचे उस्ताद सांगायचे, सगळ्या माणसांची सरासरी लक्षात ठेवू नका, ती कोणाचीच नसते. घरातल्या एका माणसाची उंची पक्की ध्यानात ठेवा, आणि समोरच्याला त्याच्याशी ताडून बघा. मी बाबांची ठेवली होती. पाच फूट चार इंच."

"पाच फूट चार?" मी म्हणालो. "दादा चांगला उंच होता."

"छे हो, काका. तुमच्याहून दोन बोटं कमीच. मी मोजलंय ना. भरतीला जायच्या आधी एकदा मी त्यांना भिंतीला उभं करून पेन्सिलीची खूण केली होती."

मला त्या रात्री झोप लागली नाही. मास्तरांना झोप लागली नाही की ते गणित करतात. आमच्या दारापासून फाट्यावरची चिंच दोन फर्लांग. दोन फर्लांग म्हणजे चारशे मीटर. पाच फूट चार इंच म्हणजे एक मीटर त्रेसष्ट सेंटिमीटर. हजाराने गुणून चारशेने भागले. चार मिल, आणि वर अगदी किंचित.

लग्नाच्या त्या दिवशी दारात उभे राहून मी एकदा फाट्याकडे पाहिले असते, तर दादा मला चार मिल दिसला असता. हात लांब धरला असता तर एका बोटाआड असे सात दादा मावले असते. पण तो तिथे होता. मी मांडवात थोरल्याची जागा घेऊन उभा होतो, आणि मनात म्हणत होतो की तो किती लहान निघाला. तो लहान निघाला नव्हता. तो दोन फर्लांगांवर बसला होता, आणि ते दोन फर्लांग माझ्या एका ओळीने तयार झाले होते. लाजेने वाकलेला माणूस, आणि तोही लांब. तो मोठा दिसणार कसा?

ह्यावरून मी असा उपदेश करणार नाही की जो जो लहान दिसतो तो तो मनाने थोरच असतो. सूत्र तसे म्हणत नाही. काही माणसे जवळ जाऊन पाहिली तरी लहानच असतात, आणि काही आकाशकंदील खरोखरच दीड फुटाचे असतात. माझे म्हणणे एवढेच आहे की एका जागी बसून, एकाच नजरेने, हे ठरत नाही. ज्याला ठरवायचे असेल त्याने दुसरे समीकरण मिळवले पाहिजे. आणि ते दुसरे समीकरण डोळ्यांनी मिळत नाही, ते पायांनी मिळते. उठावे लागते, काही पावले त्या माणसाच्या दिशेने चालावी लागतात, आणि मग पुन्हा पाहावे लागते.

शिपायाला हे करता येत नाही. तो ज्याला मोजतो त्याच्याकडे त्याला चालत जाता येत नाही. म्हणून बिचाऱ्याला आकार धरून चालावे लागते, आणि म्हणूनच त्याचे उस्ताद त्याच्याकडून 'आधी ओळख' हे घोकून घेतात. आपल्या हाती रायफल नसते. आपल्या आणि आपल्या माणसांच्या मध्ये खंदक नसतात, तारा नसतात. असते ती एखादी पायवाट, एखादा फाटा, फार तर एक एसटीचे तिकीट. तरीही आपण जागचे न हलता मोजतो, आणि शिपायापेक्षा अधिक बेफिकिरीने बोट ठेवतो. संजूच्या गोळीचा हिशेब त्याला सरकारला द्यावा लागे. माझ्या कार्डाचा हिशेब मला कोणीही विचारला नाही. वहिनींनीही नाही.

माझ्यापुढे आता दुसरे समीकरण नाही. दादाकडे चालत जाण्याची वाट बंद झाली. दोन फर्लांगांचे अंतर मला सव्वीस वर्षांत, तो हयात असेपर्यंत, ओलांडता आले नाही. आणि आज त्याची उंची मला इंचाइंचाने ठाऊक आहे. एवढेच करता येण्यासारखे होते ते मी केले. नरकचतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नान झाल्यावर, मी संजूला जवळ बसवून त्या कार्डाची गोष्ट सांगितली. त्याला फाट्याची गोष्ट आईकडून ठाऊक होती. कार्डातली ओळ ठाऊक नव्हती. मी ती शब्दशः सांगितली.

तो गॅलरीच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिला. बाहेर अजून अंधार होता, आणि रस्त्याच्या टोकाची ती तांबडी चांदणी तेवत होती.

"काका," तो शेवटी म्हणाला, "बाबांनी ते कार्ड फाडलं नव्हतं. त्यांच्या ट्रंकेत मला एकदा सापडलं होतं. मी लहान होतो, मला वाचू दिलं नाही त्यांनी. म्हणाले, लग्नाची पत्रिका आहे, जपून ठेवायची असते."

आतून नातीने हाक मारली. फराळाची ताटे मांडली होती, आणि संजूचे ताट नेहमीप्रमाणे माझ्या शेजारी होते.